लाल दोऱ्याचं बोलावणं

रोसेंडा नऊ वर्षांची असताना एका दुपारी पाच घरी जेवली, आणि तेव्हापासून ती गावात प्रसिद्ध आहे.

त्याचं असं झालं. आमच्या गावात शाळा वर चर्चजवळ आणि वस्ती खाली समुद्राकडे. मधला रस्ता उतरता, दोन्ही बाजूंना घरं, आणि शाळा सुटते तेव्हा घरोघरी जेवणं चाललेली असतात. दारं उघडीच. जेवणाऱ्याच्या दारावरून कोणी गेलं, मग तो सख्खा शेजारी असो की वाट चुकलेला विमा एजंट, त्याला "ये जेवायला" म्हणायचं हा आमच्या पनाय बेटावरचा नेम आहे. न म्हणेल तो कद्रू. आणि ज्याला म्हटलं त्याने "चालू दे, पोट भरलंय" म्हणत पुढे चालू पडायचं, हाही नेमच. जो थांबेल त्याला काय म्हणायचं हे मात्र कोणी ठरवलं नव्हतं, कारण त्या दिवसापर्यंत कोणी थांबलंच नव्हतं.

एरवी रोसेंडा थोरल्या भावाबरोबर घरी यायची. आन्सेल्मो तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, दोघांच्या वतीने "चालू दे" तोच म्हणायचा. त्या दिवशी तो तापाने घरी पडला होता. पोरगी एकटीच निघाली. पहिल्या घरातून हाक आली, ती आत गेली, हात धुतले, बसली आणि जेवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या घरीही तेच. चौथं घर उरबानो कोळ्याचं. त्याच्या पानात भात आणि एकच तळलेला मासा. घास तोंडाशी धरून त्याने सवयीने म्हटलं, आणि पोरगी समोर येऊन बसली. आता मासा पुढे सरकवण्यावाचून इलाज नव्हता. पाचव्या घरी तिच्या घशाखाली घास उतरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण बोलावलंय म्हटल्यावर जेवायला हवं, म्हणून जेवली. घरी पोचताच ओकली.

गाव आठवडाभर हसलं, आणि मग सवडीने वर्षानुवर्षं हसत राहिलं. रोसेंडाला सगळे सेंदा म्हणत. "सेंदा येतेय, ताटं झाका." उरबानो तर ही गोष्ट प्रत्येक बारशाला सांगायचा, आणि दर वेळी त्याचा मासा वीतभर वाढायचा.

तिची आई हसली नाही. आईला आमच्याकडे नानाय म्हणतात, आणि या नानायचं नाव इस्तेर. तिने लेकीला समोर बसवलं आणि सांगितलं, "जेवता जेवता मारलेली हाक खरी नसते. ती तोंडदेखली असते. आपण म्हणायचं, चालू दे, पोट भरलंय. आणि थांबायचं नाही."

"पोट भरलेलं नसलं तर?"

"तरी तेच म्हणायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"खोटं नाही गं. ते उत्तर आहे."

रोसेंडाने ते अकरा वेळा म्हणून घेतलं आणि पाठ केलं. मग तिच्या लक्षात आलं की अशी उत्तरं खूप आहेत, ज्यांचा प्रश्नाशी काडीचा संबंध नसतो. "कुठे निघालीस?" याचं उत्तर "इथेच, तिकडे". "अगं, किती जाड झालीस" याचं उत्तर हसणं. तिने ती एकेक करून गोळा केली. लोकांना जे आईच्या दुधातून मिळतं ते तिने पाढ्यांसारखं घोकून मिळवलं, आणि पुढची सत्तावीस वर्षं "ये जेवायला"च्या उत्तरात एकदाही चुकली नाही. त्याबद्दल मात्र तिला कोणी प्रसिद्ध केलं नाही.

आता ती छत्तीस वर्षांची आहे. मानांग बिसिंगच्या मागशाळेत कामाला जाते. मानांग म्हणजे ताई, पण बिसिंगला तिच्याहून वयाने मोठी माणसंही मानांगच म्हणतात, कारण तिच्या तोंडाला सगळे वचकून असतात. मागशाळेत अकरा माग आहेत, आणि रोसेंडाचं काम फणीत सुतं भरण्याचं. चौकड्याच्या लुंगीच्या कापडाला हजारभर सुतं लागतात. एकेक सूत आकड्याने ओढून फणीच्या एकेका फटीतून काढायचं. या कामाला बाकीच्या बायका शिव्या घालतात, मान मोडते, डोळे फुटतात. रोसेंडाला ते आवडतं. मागांचा ठकठक आवाज एका लयीत असतो, तोही तिला आवडतो. तिला सोसत नाही ते उरबानोचं गाण्याचं यंत्र, ज्यावर तो रविवारी दुपारभर माइक तोंडात घालून गातो. पण खरं सांगायचं तर ते कोणालाच सोसत नाही. फरक इतकाच, की बाकीचे टाळ्या वाजवतात आणि ती कानांत कापूस घालून मागशाळेत जाऊन बसते.

तिच्या सगळ्या कपड्यांची लेबलं कापलेली असतात. ताटात भाताला कालवण टेकलेलं तिला चालत नाही. थोरांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेणं तिला जमतं, कारण त्यात हात किती वेळ टेकवायचा ते ठरलेलं आहे. गळ्यात पडणं जमत नाही. शुक्रवारी शेवग्याचा पाला घातलेले मूग, रविवारी तुरीचे दाणे आणि फणस घालून डुकराचं कालवण, असा आठवडा नानायने तिच्यासाठी आखून दिला होता, आणि वादळ आलं तरी तो बदलत नसे.

या सगळ्याला नाव आहे हे कळलं पाच वर्षांपूर्वी. बिसिंगची धाकटी नात बोलत नव्हती, म्हणून तिला शहरात डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नात फक्त रोसेंडाजवळ शांत बसायची, म्हणून रोसेंडाही गेली. डॉक्टरीणबाई बिसिंगला विचारत होत्या, आवाजाने दचकते का, कपडे टोचतात का, ठरलेलं बदललं की कोसळते का. बिसिंग म्हणत होती, "कधी कधी," आणि मागच्या खुर्चीवरून प्रत्येक प्रश्नाला स्पष्ट "हो" येत होतं. दहाव्या "हो"नंतर डॉक्टरीणबाईंनी आपली खुर्चीच रोसेंडाकडे फिरवली. आणखी तीन खेपांनंतर रोसेंडाला एक कागद मिळाला. त्यावर लिहिलं होतं, ऑटिस्टिक. तिला फार आनंद झाला. असले प्रश्न आधीपासून छापून ठेवले होते, म्हणजे आपल्यासारखी माणसं आधीपासून होती, एवढंच तिला कळलं आणि ते पुरलं. नानायने कागद वाचून विचारलं, "दुखतं का?" रोसेंडा म्हणाली, नाही. "मग भात टाक," नानाय म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तो कागद तिने प्लास्टिकमध्ये घालून बाप्तिस्म्याच्या दाखल्याशेजारी ठेवला.

आणि या वर्षी फेब्रुवारीत नानाय इस्तेर गेली. बाजारातून आली, पिशवी खाली ठेवली आणि बसल्या जागी गेली.

आन्सेल्मो जहाजावर इंजिनखोलीत काम करतो. तो आला. नऊ दिवस प्रार्थना झाल्या, घर माणसांनी भरलं, जेवणावळी उठल्या. रोसेंडा मागच्या अंगणात ताटं विसळत बसली. लोक म्हणाले, पोरगी दगड आहे, डोळ्यांतून टिपूस नाही. दुपारी चारला ती दोन कप कॉफी करायची, एक पिऊन टाकायची आणि दुसरा निवेपर्यंत त्याच्यासमोर बसायची. ते कोणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं आणि त्यांना समजलं नाही.

नऊ दिवस संपल्यावर आन्सेल्मोला जहाजाच्या कागदपत्रांसाठी आणि तपासण्यांसाठी मनिलाला जावं लागलं. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेआधी येतो म्हणाला. जाताना दारोदार सांगून गेला, "सेंदाच्या जेवणाकडे बघा." सगळ्यांनी छातीला हात लावून सांगितलं, आम्ही आहोत ना.

आणि त्यांनी शब्द पाळला, असंच त्यांना वाटलं. रोज संध्याकाळी ती मागशाळेतून घरी निघाली की दारादारातून हाक यायची, "सेंदा, ये जेवायला." आणि रोसेंडा न चुकता म्हणायची, "चालू दे, पोट भरलंय." घरी जाऊन भात शिजवायची, कारण भात तिला येत होता, आणि मीठ घालून खायची. कालवणं नानायची होती. आज मंगळवार, म्हणजे तळलेला मासा, हे तिला ठाऊक होतं. पण मासा घ्यायचा कसा, किती तेल, आच केवढी, हे नानाय बरोबर घेऊन गेली होती. पहिल्या आठवड्यात तिने दोनदा कढई चढवली. एकदा मासा जळला, एकदा कच्चा राहिला. मग तिने कढई खिळ्याला टांगून ठेवली.

तीन आठवड्यांनी आन्सेल्मो आला आणि बहिणीला पाहून दारातच थबकला. तिचा ब्लाउज हँगरवर टांगल्यासारखा दिसत होता. तो संतापून दारोदार गेला. दारोदार एकच उत्तर. आम्ही रोज बोलावलं, तीच येत नाही, म्हणते पोट भरलंय. उरबानो म्हणाला, "आता काय तोंडात घास कोंबायचा का, मानोंग?" मानोंग म्हणजे दादा. उरबानो सत्तरीचा, पण जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाला तो मान देतो.

आन्सेल्मो घरी आला आणि पायरीवर बसला. "सेंदा," तो म्हणाला, "चार दिवसांनी चाळिसावा. तो झाला की घर बंद करू. तू माझ्याबरोबर चल. मनिलाजवळ मारिव्हिकचं घर आहे, ती तुझं सगळं बघेल. मी तिकीट काढलंय." मारिव्हिक त्याची बायको, बिचारी चांगली आहे. पण तिचं घर तीन मजली चाळीत, खाली रिक्षांचा तळ, वर नळाला रांग. रोसेंडा एकदा तिथे गेली होती आणि दोन दिवस पलंगाखाली झोपली होती. तिथे माग नव्हता. फणी नव्हती. आढ्याकडे पाहिलं तर ओळखीची एकही भेग नव्हती.

तिला नाही म्हणायचं होतं. पण ठरलेलं मोडलं की तिचे शब्द आतच अडकतात, कितीही ओढले तरी येत नाहीत. भावाला वाटलं, गप्प आहे म्हणजे कबूल आहे. तो जीव लावणारा माणूस आहे, म्हणून तर त्याने मग आणखी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मागशाळेत बिसिंग फणी तपासत होती. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं.

"सेंदा. एका फटीत दोन सुतं."

सगळ्या मागांवरचे हात थांबले. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं.

"आणि इथे एक फट रिकामी. काय झालंय तुला?"

बिसिंगचं तोंड कितीही तिखट असलं तरी एक गोष्ट ती नातीकडून शिकली होती, विचारून झाल्यावर गप्प बसायचं. रोसेंडा सुताकडे बघत म्हणाली, "शनिवारी मला मनिलाला नेणार. मी जेवत नाही म्हणून."

"मग बरोबरच आहे त्याचं," बिसिंग भडकली. "मी तुला रोज हाक मारते. रोज. आणि तू रोज मला पोट भरलंय म्हणतेस. कशाने भरतं गं तुझं पोट, वाऱ्याने?"

"तू जेवताना हाक मारतेस."

"मग काय झोपेत मारू?"

"जेवताना मारलेली हाक खरी नसते. नानायने सांगितलंय."

"तुझं पोट भरलेलं होतं?"

"नाही."

"मग भरलंय असं का म्हणायचीस?"

"ते उत्तर आहे."

बिसिंगने हातातला आकडा खाली ठेवला. पाठीमागे कोणीतरी हळूच "अरे देवा" म्हणालं. सत्तावीस वर्षांपूर्वी ज्या पाच घरी ती पोरगी जेवली त्यातलं दुसरं घर बिसिंगचं होतं. "सेंदा येतेय, ताटं झाका" हे पहिल्यांदा कोण म्हणालं तेही बिसिंगला पक्कं आठवत होतं, कारण ती स्वतःच म्हणाली होती. तिला लाज वाटली. तिच्यासारख्या बाईला लाज वाटणं सोपं नसतं, ती आधी रागावून बघते.

"अगं, पण आत्ताची हाक खरी होती. तुझी आई गेल्यानंतरची."

"शब्द तेच होते."

"शब्द तेच असतात, पण ते कळतं ना. तीनदा म्हटलं की खरं."

"उरबानोच्या बायकोने तुला गेल्या वर्षी ईस्टरला तीनदा म्हटलं. तू म्हणालीस, ती नाटकी आहे."

मागांवरच्या बायका खुसखुसल्या. "बरं, हात धरून ओढलं की खरं," बिसिंग म्हणाली.

"ओढलेलं मला आवडत नाही."

"आवाजावरून कळतं, सेंदा. तोंडावरून. सगळ्यांना कळतं."

"कोणी सांगितलं त्यांना?"

"कोणी कशाला सांगायला हवं?"

"मला नाही कळत," रोसेंडा म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. सूत निळं आहे म्हणून सांगावं तसं तिने सांगितलं.

मग ती उठली आणि भिंतीशी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुतांच्या, चौकटीजवळ गेली. बिसिंगच्या मागशाळेची एक रीत आहे. ताणा लावताना चाळीस सुतं झाली की तिथे एक लाल दोरा बांधायचा. तो कापडात जात नाही, विणताना सोडून टाकतात. पण लाल दोरा आहे म्हणजे चाळीस आहेतच, तिथे पुन्हा मोजायचं नाही, शंका घ्यायची नाही. चुकीच्या आकड्यावर लाल दोरा बांधल्याबद्दल बिसिंगने एका बाईला कामावरून काढलं होतं.

रोसेंडाने लाल दोऱ्याला बोट लावलं. "असं करा," ती म्हणाली. "खऱ्या हाकेला हा बांधा."

संध्याकाळी बिसिंग आन्सेल्मोकडे गेली आणि पायरीवर त्याच्याशेजारी बसली. सगळं ऐकून तो म्हणाला, "मानांग, पुढच्या आठवड्यात मला जहाजावर चढायचंय. भर समुद्रात मला तुमची हाक ऐकू येत नाही, लाल नाही की हिरवी नाही."

"चाळिसाव्यापर्यंत थांब. तोवर तूही तिला काही करून घालू नकोस. आम्हाला बघू दे."

"तीन दिवसांत काय होणार?"

"एवढी वर्षं आम्ही हसलो. तीन दिवस तरी दे," बिसिंग म्हणाली आणि उठून गेली.

पहिल्या संध्याकाळी काय झालं ते गाव अजून सांगतं. रोसेंडा रस्त्याने येत होती. बिसिंग दारात भात कालवत बसली होती. वाट बघत होती, मनात घोकत होती, आणि ऐन वेळी तोंडातून सवयीने निघालं, "सेंदा, ये जेवायला." रोसेंडा म्हणाली, "चालू दे, पोट भरलंय," आणि पुढे गेली. बिसिंगच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत ती वळणावर पोचली होती. मग साठ वर्षांची बिसिंग, हाताला भात, पायात एकच चप्पल, रस्त्याने धावली. "लाल दोरा! अगं, लाल दोरा!"

रोसेंडा थांबली. वळली. "आता येते," म्हणाली.

तिने आधीच सांगून टाकलं. भाताला मासा टेकायला नको. मी दाराकडे तोंड करून बसेन. बोलणार नाही. सात वाजता जाईन. बिसिंगची सून म्हणाली, "पाहुणे असेच असावेत. काय हवं ते कळतं आणि कधी जाणार तेही कळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी उरबानो स्वतः मागशाळेच्या खिडकीशी आला. दोन्ही हात मागे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. "सेंदा, संध्याकाळी ये जेवायला. लाल दोरा," तो म्हणाला. "दोन मासे आहेत. एक तुझा, एक माझा. यंत्र बंद ठेवीन."

"त्या दिवशी तुझा एकच होता," रोसेंडा म्हणाली. तिला सगळं आठवत होतं. "मी खाल्ला. तू काय खाल्लंस?"

इतक्या वर्षांत हे उरबानोला कोणी विचारलं नव्हतं. तो गडबडला. "मीठभात," म्हणाला. "बरा लागतो."

"नाही लागत," रोसेंडा म्हणाली. "मी तीन आठवडे खाल्ला."

आणि स्वयंपाकाचं बिसिंगने अंगावर घेतलं. मूग शिकवायला ती नानायच्या गॅसच्या शेगडीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मीठ अंदाजाने."

"अंदाज म्हणजे किती चमचे?"

"अंदाज म्हणजे अंदाज."

रोसेंडा वही उघडून पेन्सिल धरून थांबली. ती थांबायला लागली की डोंगर हलेल, ती हलत नाही. शेवटी बिसिंगने चाळीस वर्षांत पहिल्यांदा मुठीतलं मीठ चमच्यात ओतून मोजलं. मग पाणी मोजलं, पाला मोजला, आच किती ते बटणाच्या खुणेवर पेन्सिलीने रेघ मारून दाखवलं. घरी गेल्यावर तिने सुनेला सांगितलं, "एवढी वर्षं मी मीठ जास्त घालत होते गं, मला आज कळलं." सून म्हणाली, "आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे." बिसिंगने विचारलं, मग बोलली का नाहीस, तेव्हा सून हसली. ते उत्तर होतं.

तो लाल दोरा मग मागशाळेत सगळ्यांच्याच तोंडी बसला. हा फ्रॉक मला कसा दिसतो? छान. लाल दोरा? दंडात घट्ट आहे गं. तुझ्या नवऱ्याचं बरं चाललंय ना? हो. लाल दोरा? आणि समोरची बाई माग थांबवून रडायला लागली. आधी थट्टेने विचारायच्या, नंतर जपून विचारायला लागल्या, कारण विचारलं की खरं ऐकावं लागत होतं.

शुक्रवारी चाळिसावा. सकाळी प्रार्थना, दुपारी जेवणावळ. रोसेंडा बिसिंगशी ठरवल्याप्रमाणे पहिली वीस मिनिटं पुढच्या रांगेत बसली, थोरांचे हात कपाळाला लावले आणि मग मागशाळेत गेली. यावेळी तिला कोणी दगड म्हटलं नाही. एका बाईने तोंड उघडलं होतं, पण उरबानोने तिच्याकडे असं पाहिलं की तिने त्यात भाताचा घास कोंबला.

संध्याकाळी घर रिकामं झालं. आन्सेल्मोने बाकं परत पोचवली, दारामागे दोन पिशव्या भरून ठेवल्या, एक त्याची, एक बहिणीची, आणि पायरीवर जाऊन बसला. सकाळची बोट होती. तीन दिवस त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण तीन दिवस म्हणजे वर्ष नव्हे, आणि समुद्रावर माणसाच्या मनात काय काय येतं ते त्यालाच ठाऊक. चुकीचं ठरवलं तर ते दुरुस्त करायला तो इथे नसणार होता.

आत रोसेंडा मूग शिजवत होती. शुक्रवार होता. वही शेगडीशेजारी उघडी, पेन्सिलीच्या रेघेवर बटण. तिने दोन ताटं मांडली, भात एका बाजूला, मूग दुसऱ्या वाटीत, आणि दारात आली.

"मानोंग, ये जेवायला."

"चालू दे तुझं," आन्सेल्मो अंधारणाऱ्या समुद्राकडे बघत म्हणाला. "पोट भरलंय माझं."

रोसेंडा आत जाणार होती. उत्तर बरोबर होतं. पण तो दुपारी जेवला नव्हता, त्याचं ताट झाकलेलं तसंच होतं, ते तिने घरी आल्या आल्या पाहिलं होतं. ती परत वळली.

"लाल दोरा?" तिने विचारलं.

समुद्रावर एक मचवा दिवा लावून चालला होता, तो नजरेआड होईपर्यंत आन्सेल्मो बघत राहिला. मग म्हणाला, "नाही." आणि थोड्या वेळाने, "भूक लागलीय."

तो आत आला आणि ताटावर बसला. दोन घास खाल्ले आणि त्याला रडू फुटलं. नानाय गेल्यापासून पहिल्यांदाच. जहाजावरही मी असाच आहे, तो म्हणाला. पोरं डबे उघडून बोलावतात, मी म्हणतो पोट भरलंय, आणि यंत्रांच्या आवाजात एकटा जेवतो. पंधरा वर्षं. ती खरं बोलावतात की नुसतं, मला कधी कळलंच नाही.

"तुला पण नाही कळत?" रोसेंडाने विचारलं. तिला खूप नवल वाटलं. तिची समजूत होती की बाकी सगळ्यांना कळतं.

त्याने नकारार्थी मान हलवली. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, तो तिचा प्रकार नाही. तिने पाण्याचा पेला त्याच्या हाताला लागेल असा सरकवला आणि तो रडून होईपर्यंत आपलं जेवण थांबवून बसली.

"सेंदा," तो नाक पुसत म्हणाला, "तुला इथेच राहायचंय?"

"हो."

"लाल दोरा?"

"लाल दोरा," ती म्हणाली. आज शब्द अडकला नाही.

आन्सेल्मो उठला, दारामागची तिची पिशवी घेऊन आत गेला, आणि कपड्यांची चळत फळीवर होती तशी परत लावून आला. सगळ्यात वर तो प्लास्टिकमधला कागद. मग पुन्हा ताटावर बसला.

"छान झालेत मूग," तो म्हणाला.

रोसेंडा त्याच्याकडे बघत राहिली.

"मीठ जरा जास्त झालंय."

तिने वही ओढली, मिठाचा आकडा खोडला आणि त्याच्या जागी अर्धा चमचा कमी लिहिला.